गाडीची किंमत उतरली, तरी विम्याचे बिल दुप्पट का झाले?

पुण्यातले एक कुटुंब. दारात ११९७ सीसीची पेट्रोल गाडी, तिला नुकतीच तीन वर्षे पूर्ण झाली. राहते घर सोसायटीतला फ्लॅट, त्यावर वीस वर्षांचे गृहकर्ज. गेल्या वर्षी गाडीच्या विम्याला ९,१५१ रुपये गेले होते. यंदा नूतनीकरणाची नोटीस आली १८,९८० रुपयांची. गाडी एका वर्षाने जुनी झाली, तिची विमा किंमत ८०,००० रुपयांनी उतरली, आणि बिल मात्र दुपटीच्या पुढे गेले. घराच्या विम्याचे बिल तर कधी आलेच नाही, त्यामुळे तो खर्च होतो आहे हेही कुणाच्या ध्यानात नव्हते.

हे प्रकरण हिशेब उलगडून दाखवण्यासाठी बांधलेले आहे. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा दर, एनसीबीचे (क्लेम न घेतल्याबद्दलच्या नो क्लेम बोनसचे) टप्पे आणि घसाऱ्याचे टक्के प्रत्यक्ष नियमांतले आहेत. कंपनीची सूट, अ‍ॅड-ऑनचे (वरून घेतलेल्या जादा कव्हरचे) दर आणि घराचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत; ते प्रत्येकाच्या बिलात वेगळे असतील.

दोन वर्षांची बिले शेजारी ठेवून

बिलाचा शेवटचा आकडा पाहून काहीच कळत नाही. प्रत्येक ओळ कोण ठरवते, हे आधी पाहावे लागते. गाडीच्या बिलात चार हात असतात. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवते, तो कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी तोच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता, म्हणजे ओन डॅमेज किंवा ओडी, कंपनी ठरवते. त्यावरची नो क्लेम बोनसची सूट गाडीमालकाने स्वतः कमावलेली असते. आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, पण गाडी आणि घराच्या विम्यावर तो आहे तसाच आहे.

गेल्या वर्षीचे बिल असे होते. गाडीची मूळ किंमत ८,००,००० रुपये. दोन वर्षांपुढच्या आणि तीन वर्षांपर्यंतच्या गाडीला ३० टक्के घसारा, म्हणून आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमा किंमत, ५,६०,००० रुपये. पुणे हे जुन्या टॅरिफमधल्या (विम्याच्या ठरावीक दरपत्रकातल्या) ‘अ’ झोनमध्ये येते. १००० ते १५०० सीसी आणि पाच वर्षांपर्यंतच्या गाडीसाठी तिथला मूळ दर ३.२८३ टक्के. हे टॅरिफ २००७ पासून बंधनकारक नाही, पण बऱ्याच कंपन्या हिशेबाची सुरुवात अजून तिथूनच करतात आणि मग आपली सूट देतात.

मूळ ओडी: १८,३८५
कंपनीची ६० टक्के सूट गेल्यावर: ७,३५४
२५ टक्के एनसीबी गेल्यावर: ५,५१५
झिरो डेप (क्लेममध्ये सुट्या भागांवरचा घसारा न कापण्याचे कव्हर): २,२४०
जीएसटी: १,३९६
एकूण: ९,१५१

यात थर्ड पार्टीची ओळच नाही, आणि पहिला धागा तिथेच सापडतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, दुचाकीला पाच वर्षांचा. ते पैसे शोरूममध्येच, ऑन-रोड किमतीत, भरून झालेले असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी फक्त ओडीचे बिल येते आणि घराला त्याच आकड्याची सवय होते. चौथ्या वर्षी थर्ड पार्टीचा हप्ता परत आला की दरवाढ झाल्यासारखे वाटते. दर वाढलेला नसतो, आगाऊ भरलेले संपलेले असते.

यंदाच्या नोटिशीतल्या ओळी:

आयडीव्ही ४,८०,००० (४० टक्के घसारा), मूळ ओडी: १५,७५८
कंपनीची सूट, यंदा ५० टक्केच: उरले ७,८७९
एनसीबी: शून्य
झिरो डेप: २,४००
इंजिन प्रोटेक्ट: ९६०
कन्झ्युमेबल्स: ४८०
किल्ली बदलण्याचे कव्हर: ४००
रोडसाइड असिस्टन्स: १५०
थर्ड पार्टी: ३,४१६
मालक-चालक वैयक्तिक अपघात, १५ लाख: ३५०
पगारी ड्रायव्हर: ५०
जीएसटी: २,८९५
एकूण: १८,९८०

वाढ ९,८२९ रुपयांची. जीएसटी धरून तिची फोड केली तर थर्ड पार्टी परत आल्यामुळे ४,०३१, ओडी वाढल्यामुळे २,७९०, न मागितलेली अ‍ॅड-ऑन आणि महागलेले झिरो डेप मिळून २,५३७, आणि शेवटच्या दोन छोट्या ओळींचे ४७२.

थर्ड पार्टीच्या ३,४१६ वर घासाघीस होत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेला हा १००० ते १५०० सीसीचा दर आहे. १००० सीसीपर्यंत २,०९४ आणि १५०० च्या वर ७,८९७. नवी अधिसूचना निघाली तरच आकडा बदलतो. इथे तपासायचे ते एवढेच की आरसी बुकातली सीसी आणि बिलातली सीसी एकच आहे ना. इलेक्ट्रिक गाडी असेल तर १५ टक्के आणि हायब्रिडला साडेसात टक्के सवलत लावलेली आहे ना, तेही पाहावे.

६,५०० रुपयांचा महाग क्लेम

ओडी का वाढला याचे उत्तर सात महिने मागे जाते. पार्किंगमध्ये मागचा बंपर खांबाला घासला. वर्कशॉपने ७,८०० रुपयांचे एस्टिमेट दिले आणि सल्ला दिला: क्लेम टाका, तुमचे हजारच जातील. झिरो डेप असल्याने प्लास्टिकच्या बंपरवरचा ५० टक्के घसारा कापला गेला नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला लागणारी सक्तीची १,००० रुपयांची वजावट झाली, क्लिपा आणि किरकोळ साहित्याचे ३०० गेले आणि कंपनीने ६,५०० दिले. त्या दिवशी सौदा फायद्याचाच दिसला.

एनसीबीची शिडी २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी चढते. कुटुंब २५ वर होते, यंदा ३५ वर जायचे. एक क्लेम मंजूर झाला की शिडीवरून थेट जमिनीवर. क्लेम मोठा की छोटा याने फरक पडत नाही. दोन लाखांच्या अपघातालाही तेवढाच एनसीबी जातो आणि बंपरच्या ओरखड्यालाही.

क्लेम नसता आणि ६० टक्के सूट टिकली असती, तर यंदाचा ओडी ४,०९७ आला असता. आला ७,८७९. फरक ३,७८२, जीएसटीसह ४,४६३. आणि ही फक्त पहिल्या वर्षाची गोष्ट. पुढच्या वर्षी एक शिडी ४५ वर असती, दुसरी २० वर. ४,००,००० आयडीव्हीवर तो फरक सुमारे १,५५० रुपये. त्याच्या पुढच्या वर्षी ५० विरुद्ध २५, सुमारे १,४२०. मग ७५० च्या आसपास, मग २००. पाच वर्षांची बेरीज ८,४०० रुपयांच्या घरात जाते. मिळाले होते ६,५००.

मात्र इथे एक बारकावा आहे. या तोट्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एनसीबी गेला तो सगळीकडे गेला, कारण तो गाडीमालकाच्या नावावर चालतो आणि नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते. पण ६० ची सूट ५० वर आणणे हा या एका कंपनीचा निर्णय होता. दुसऱ्या कंपनीकडे तीच ६० टक्के सूट मिळाली तर पहिल्या वर्षाचा फटका ४,४६३ वरून २,६०३ वर येतो आणि पाच वर्षांची बेरीज ६,५०० च्या जवळ उतरते. म्हणजे ना नफा ना तोटा, वर कागदपत्रांची दगदग. या गाडीसाठी सात-साडेसात हजारांच्या आतला खर्च खिशातून करणे बरे, असा आकडा यातून निघतो. जास्त आयडीव्हीच्या आणि ५० टक्क्यांवर पोचलेल्या गाडीला ही रेषा बरीच वर सरकेल. वर्कशॉपमध्ये उभे राहून हा हिशेब होत नाही, म्हणून नूतनीकरणाच्या दिवशीच तो काढून पॉलिसीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

अपघाताची सूचना दिली, सर्व्हेअर येऊन गेला, पण क्लेम घेतलाच नाही, तर सहसा एनसीबी शाबूत राहतो. मात्र क्लेम मागे घेतल्याचे कंपनीकडून लेखी घ्यावे. उघडा राहिलेला क्लेम नूतनीकरणाच्या वेळी डोके वर काढतो.

कुठल्या ओळी कापल्या, कुठल्या ठेवल्या

पगारी ड्रायव्हर या घरात नाही, म्हणून ५० रुपयांची ओळ गेली. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती काढू नये. ५० रुपयांत मिळणारे ते मोठे संरक्षण आहे. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे, पण १ जानेवारी २०१९ पासून तो गाडीच्याच पॉलिसीतून घ्यायची सक्ती नाही. या गाडीमालकाचा २५ लाखांचा स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा आधीपासून होता, त्यात मृत्यू आणि कायमचे अपंगत्व दोन्ही आहे. त्याचा पॉलिसी क्रमांक देऊन घोषणापत्र भरले आणि ३५० रुपये गेले. खोटे घोषणापत्र भरायचा मोह होऊ देऊ नये.

किल्लीचे कव्हर काढले. रोडसाइड असिस्टन्स गाडी कंपनीच्या वाढीव वॉरंटीतून मिळतच होता, तोही काढला. कन्झ्युमेबल्सचाही फारसा उपयोग नव्हता: छोटे क्लेम टाकायचेच नाहीत असे ठरल्यावर तेल, नट-बोल्ट आणि क्लिपांच्या पैशांसाठी दरवर्षी ४८० का द्यायचे? इंजिन प्रोटेक्ट मात्र ठेवला. गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी असते आणि पावसाळ्यात तिथे पाणी शिरते. पाण्यात बुडून बंद पडलेली गाडी सुरू करायला गेल्यामुळे इंजिनात पाणी ओढले गेले, तर साध्या पॉलिसीत ते नुकसान नाकारले जाते, आणि इंजिनाचे काम लाखाच्या घरात जाऊ शकते. झिरो डेपही ठेवला. चौथ्या वर्षात धातूच्या भागांवर २५ टक्के, प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात. मोठ्या धडकेत ही कपात खिशाला झोंबते.

स्वेच्छेने जास्त वजावट घेतली तर सूट मिळते, हा पर्यायही पाहिला. २,५०० रुपयांच्या वजावटीला जुन्या टॅरिफनुसार २० टक्के सूट, पण कमाल ७५० रुपयेच. ती कंपनीच्या सुटीच्या आधी धरली तर हातात ३०० च पडतात. सोडून दिला. थर्ड पार्टीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाखांवरून ६,००० वर आणली की १०० रुपये वाचतात, असाही एक रकाना फॉर्मवर असतो. त्याला हात लावू नये. एखाद्याच्या गाडीचा दिवासुद्धा ६,००० त येत नाही.

स्वस्त कोटेशन स्वस्त कशाने झाले

दुसऱ्या कंपन्यांची कोटेशन मागवली तेव्हा एक १४,००८ रुपयांचे निघाले, बाकी सगळे १५,००० च्या वर. कारण शोधायला वेळ लागला नाही: आयडीव्ही ४,८०,००० ऐवजी ४,२०,००० भरला होता. वाचतात १,४२५. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या पुढे जाऊन ती टोटल लॉस ठरली, तर हातात ६०,००० कमी. दुसऱ्या एका ठिकाणी ‘मागच्या वर्षी क्लेम घेतला का?’ या प्रश्नाचे उत्तर आधीच ‘नाही’ असे भरलेले होते आणि गेल्या वर्षीचाच २५ टक्के एनसीबी लागून बिल १,८६० रुपयांनी कमी दिसत होते. ते उत्तर बदलल्याशिवाय पैसे भरले असते तर पुढच्या मोठ्या अपघातात ओडीचा क्लेम अडकला असता, आणि सही गाडीमालकाचीच असती.

म्हणून तुलना एकाच पायावर करावी: आयडीव्ही तोच, अ‍ॅड-ऑन तीच, एनसीबी खरा. तसे केल्यावर हाती आलेले बिल: ओडी ६,३०३, झिरो डेप २,४००, इंजिन प्रोटेक्ट ९६०, थर्ड पार्टी ३,४१६, जीएसटी २,३५४. एकूण १५,४३३. नोटिशीपेक्षा ३,५४७ कमी. हे कोटेशन जुन्या कंपनीला ईमेलने पाठवले, तर तिथेही सूट वाढू शकते. फोनवरच्या तोंडी आश्वासनाला मात्र अर्थ नाही.

पैसे भरायला मुदतीच्या पुढे सवलतीचे दिवस नसतात. आयुर्विम्याच्या सवयीने लोक इथे चुकतात. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता कंपनीच्या हाती पडल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही. चेक वटला नाही तर संरक्षणही नाही. एका दिवसाचा खंड पडला तरी ओडीसाठी गाडीची तपासणी लागते, ९० दिवस उलटले तर साठवलेला एनसीबी जातो, आणि मधल्या काळात विनाविमा गाडी चालवताना सापडले तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. पॉलिसी आल्यावर इंजिन आणि चासी क्रमांक आरसीशी जुळवावेत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे नाव त्यात आहे का तेही पाहावे. काही दिवसांनी ‘वाहन’ किंवा ‘एमपरिवहन’वर नवी मुदत दिसते का हे पाहिले म्हणजे बनावट पॉलिसीची शंका फिटते.

न दिसणारे बिल: घर

फ्लॅटची कागदपत्रे काढल्यावर कर्ज घेतानाच्या फायलीत घराची पॉलिसी सापडली. दहा वर्षांची, इमारतीची विमा रक्कम ७० लाख, हप्ता १७,००० आणि त्यावर ३,०६० जीएसटी. हे २०,०६० रुपये रोख न घेता कर्जात मिळवले होते. ९ टक्के दराने वीस वर्षांत त्याचे दरमहा सुमारे १८० रुपये, म्हणजे एकूण ४३,३०० च्या आसपास. विमा दहा वर्षांत संपतो, त्याचे हप्ते वीस वर्षे चालतात.

त्याहून मोठी अडचण विमा रकमेत होती. ७० लाख ही करारनाम्यातली किंमत. त्यात जमिनीचा वाटा आहे, परिसराचा भाव आहे, बिल्डरचा नफा आहे. जमीन जळत नाही. १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना द्यावी लागणारी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी इमारतीची रक्कम काढायची रीत सांगते: कार्पेट क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा चालू खर्च. इथे ६२ चौरस मीटर आणि मीटरला ३०,००० धरले तर १८,६०,००० होतात. नुकसान झाल्यावर कंपनी पुन्हा बांधण्याचा खर्च देते, करारनाम्याची किंमत देत नाही. वरच्या ५१ लाखांचा हप्ता कशासाठीच नव्हता.

आणि घरातल्या वस्तूंना मात्र काहीच संरक्षण नव्हते. भारत गृह रक्षात इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, इतके वस्तूंचे संरक्षण आपोआप येते. पण या पॉलिसीवर ‘फक्त इमारत’ असा पर्याय निवडलेला होता. बँकेला तारण म्हणून भिंती पुरतात, फ्रिज-टीव्हीशी तिला देणेघेणे नाही.

नवी पॉलिसी घेतली ती इमारत १८,६०,००० आणि वस्तू ६,००,००० अशी. आपोआप मिळणारे ३,७२,००० पुरेसे नव्हते, म्हणून वस्तूंची यादी देऊन रक्कम वाढवली. हजारी ३५ पैसे दराने ८६१, जीएसटीसह १,०१६ रुपये वर्षाला. रक्कम थोडी कमी पडली म्हणून प्रत्येक क्लेममधून त्या प्रमाणात कापण्याची जुनी अट या पॉलिसीत लागत नाही, त्यामुळे बांधकाम खर्चाचा अंदाज काटेकोर नसला तरी चालते.

काय मिळत नाही, हेही बिलाइतकेच वाचावे. आग, भूकंप, पूर, टाकी किंवा पाइप फुटणे यात आहे. वरच्या मजल्यावरून हळूहळू झिरपणाऱ्या ओलीचा क्लेम मात्र नाकारला जातो. चोरीही फक्त अशा एखाद्या दुर्घटनेमुळे, सात दिवसांच्या आत झालेली धरतात. कुलूप तोडून झालेली नुसती घरफोडी हवी असेल तर वेगळे कव्हर घ्यावे लागते, दागिन्यांसाठीही वेगळा पर्याय निवडावा लागतो. सोसायटीची स्वतःची पॉलिसी असेल तर सेक्रेटरीकडून तिची प्रत मागावी. ती फक्त जिने, लिफ्ट, पंपांपुरती आहे की सदनिकांच्या भिंतींसकट, यावर आपली रक्कम ठरते, कारण दोन पॉलिसी असल्या तरी भरपाई प्रत्यक्ष नुकसानीच्या वर जात नाही.

जुनी पॉलिसी रद्द करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी नवी घ्यायची, तीत तारणदार म्हणून बँकेचे नाव घालायचे, ती प्रत बँकेला देऊन पोच घ्यायची, आणि मगच जुन्या कंपनीला रद्दचे पत्र. विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार ग्राहक कारण न देता पॉलिसी रद्द करू शकतो. एका वर्षापेक्षा लांब पॉलिसीत जी वर्षे सुरूच झालेली नाहीत त्यांचा हप्ता परत मिळतो. इथे तिसरे वर्ष चालू आहे, म्हणून सात वर्षांचे सरळ प्रमाणाने ११,९०० होतात. जीएसटीचा भाग धरला आहे का, हे कंपनीकडून लेखी विचारावे. परतावा बँकेमार्फत आला तर तो कर्जखात्यात मुद्दलापोटी जमा करायचे पत्र सोबत द्यावे.

कंपनी पत्राला उत्तर देत नसेल तर पहिली तक्रार तिच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे, मग ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर. महिनाभरात निकाल लागला नाही किंवा तो पटला नाही, तर विमा लोकपाल. पुण्यात त्यांचे कार्यालय आहे, शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत तिथे अर्ज पोचला पाहिजे, आणि त्यासाठी रद्दच्या पत्राची तारखेसह पोच सगळ्यात आधी मागितली जाते.